चिमटा मोडला तर

शंभर वर्षांपूर्वीच्या 'तूर द फ्रान्स'चे फोटो पाहताना एक गोष्ट लगेच नजरेत भरते. सायकलस्वारांच्या खांद्यांवरून, छातीवर फुली मारल्यासारखे टायर गुंडाळलेले असतात. डोळ्यांवर धुळीचे गॉगल, हँडलला अडकवलेल्या पाण्याच्या बाटल्या, चेहऱ्यावर चिखल, आणि त्यात हे जानव्यासारखे टायर. हा थाट नव्हता. ते सुटे टायर होते आणि त्यांच्याशिवाय शर्यत पुरी होणं अवघड होतं.

आपल्या साध्या सायकलीत बाहेर टायर आणि आत वेगळी ट्यूब असते. या शर्यतीच्या सायकलींना तसं नसे. कापडी टायर नळीसारखा शिवलेला, ट्यूब त्याच्या पोटात, आणि सगळा ऐवज रिमवर चिकटवलेला. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला बसायचं, चिकटलेला टायर नखांनी, कधी दातांनी ओढून काढायचा, खांद्यावरचा चढवायचा, पंपाने हवा भरायची आणि निघायचं. फुटलेला टायर दुरुस्त करायचा तर आधी त्याची शिवण उसवायची, ट्यूबला ठिगळ लावायचं आणि सुईदोऱ्याने पुन्हा शिवायचं. म्हणजे शर्यतपटूला पाय तर हवेतच, शिवणकामही यायला हवं.

आणि हे सगळं त्याने स्वतः करायचं. दुसऱ्या कुणी हात लावला तर दंड. हा नियम तूरच्या पहिल्या काही दशकांत फार कडक होता. त्याबद्दल आज दोनच प्रकारे लिहिलं जातं. एक तर 'काय ती माणसं होती!' असा गहिवर, नाहीतर 'काय तो क्रूरपणा!' असा निषेध. मला त्यापेक्षा दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. या नियमाने परीक्षा नेमकी कुणाची व्हायची होती, आणि झाली कुणाची?

नियम तूरपेक्षा जुना आहे, आणि त्याची मुळं हवेच्या टायरशी गुंतलेली आहेत. हवेचा टायर येण्याआधी लांबच्या प्रवासात बरोबर न्यायला फारसं काही लागतच नसे. थॉमस स्टीव्हन्स हा गृहस्थ १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलवर निघाला आणि १८८६च्या अखेरीस योकोहामाला पोचला. वाटेत लाहोरहून ग्रँड ट्रंक रोडने कलकत्त्यापर्यंतही आला. निघताना त्याच्या हँडलवरच्या पिशवीत मोजे, एक जास्तीचा सदरा, तंबूचंही काम करणारा रेनकोट आणि एक पिस्तूल एवढंच होतं. टायर भरीव रबराचे. हाडं खिळखिळी होत, पण पंक्चर नावाची गोष्ट नव्हती.

१८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला, आणि वेग व आराम दोन्ही एकदम वाढले. त्याची किंमत मात्र रस्त्यावर मोजावी लागे. हा टायर रिमला पट्ट्या गुंडाळून चिकटवलेला असे. तो सोडवायला काही तास आणि पुन्हा चिकटवून वाळायला रात्र जाई. फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँच्या मिशेलिन बंधूंनी हीच अडचण पकडली आणि १८९१ साली काढता-घालता येणारा टायर आणला. बदलायला पाव तास. आज आपण ज्याला टूलकिट म्हणतो, त्याचा जन्म इथला. वेग हवा तर नाजूकपणा पत्करायचा, आणि नाजूकपणा पत्करला की त्याचा इलाज बरोबर बाळगायचा.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'ल पती जुर्नाल' या वृत्तपत्राच्या पिएर जिफारने पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची, सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत भरवली. सायकल हे खेळणं नाही, भरवशाचं वाहन आहे, हे लोकांना पटवायचं होतं. म्हणून निघताना सायकलींवर मोहर लावली गेली. ज्या यंत्रावर निघालात त्याच यंत्रावर परत यायचं. खाणं, कपडे आपले आपण न्यायचे. शार्ल तेराँ हा मिशेलिनचे नवे टायर लावून निघाला, वाटेत पंक्चरं झाली, आणि तरी ७१ तास २२ मिनिटांत पहिला आला. त्याचा तगडा प्रतिस्पर्धी जिएल-लाव्हाल डनलॉपवर होता. तो पुढे असताना झोपला आणि तेराँ त्याला ओलांडून गेला. मिशेलिनच्या जाहिरातीला आणखी काय हवं!

तेव्हा 'आपली दुरुस्ती आपण' या नियमाचा मूळ हेतू माणसाला छळण्याचा नव्हता. ती यंत्राची परीक्षा होती. बदललेली सायकल शर्यत पुरी करत असेल तर पहिली सायकल टिकाऊ होती हे कसं सिद्ध होणार?

आन्री देग्राँजने १९०३ साली आपल्या 'लोतो' या क्रीडापत्राचा खप वाढवायला तूर सुरू केली, आणि हा नियम तिथे आला. येताना त्याचा स्वभाव बदलला. देग्राँज स्वतः सायकलपटू. १८९३ साली एका तासात ३५.३२५ किलोमीटर कापून त्याने तासाचा पहिला अधिकृत विक्रम केला होता. कष्टांवर त्याचा जवळजवळ धार्मिक विश्वास होता. ज्या शर्यतीत शेवटी एकच माणूस उरेल ती आदर्श शर्यत, हे त्याचं मत प्रसिद्धच आहे. सायकलकंपन्यांवर त्याचा संशय असे. श्रीमंत कंपनी आपल्या माणसाला वाटेत हव्या तेवढ्या सायकली, चाकं, मदतनीस पुरवेल आणि शर्यत पैशाची होईल, ही भीती अगदीच खोटी नव्हती. १९०४च्या तूरमध्ये इतकी लबाडी झाली होती की पहिले चारही क्रमांक नंतर बाद करावे लागले. तेव्हा कुणी कुणाला मदत करायची नाही, हा बंदोबस्त त्याला न्यायाचा वाटला असणार.

९ जुलै १९१३. सहावा टप्पा, बायोन ते ल्यूशाँ, ३२६ किलोमीटर, पिरेनीज डोंगरातून. यूजेन क्रिस्तोफ २८ वर्षांचा होता. आदल्या वर्षीच्या तूरमध्ये दुसरा आलेला, आणि १९१०ची मिलान–सान रेमो ही शर्यत बर्फात गारठून जिंकलेला. तूरमाले हा मोठा घाट त्याने पुढच्या लोकांबरोबर पार केला. एकूण क्रमवारीत त्याच्या पुढे असलेला गेल्या वर्षीचा विजेता मागे पडला होता, पुढे शर्यतच सोडून गेला. म्हणजे त्या घटकेला तूर क्रिस्तोफच्या हातात आली होती. तूरमालेच्या उतारावर त्याच्या सायकलीचा चिमटा मोडला.

चिमटा म्हणजे पुढचा फोर्क, पुढचं चाक धरून ठेवणारा भाग. सायकलीचे काही भाग मोडले तर रेटून नेता येतं. चेन तुटली तरी उतारावर जाता येतं, दोन तारा तुटल्या तर चाक आऊट निघतं पण फिरतं. चिमटा मोडला की सायकल संपली. सुटा चिमटा कुणी खांद्यावर घेऊन फिरत नाही. त्याच्या छातीवर गुंडाळलेले टायर, खिशातला पान्हा, पंप यांतलं काहीही कामाचं नव्हतं.

त्याने सायकल खांद्यावर घेतली, पुढचं चाक हातात, आणि चालायला लागला. दहा किलोमीटरहून जास्त चालला. मागचे सगळे एकेक करून ओलांडून गेले. घाटाच्या पायथ्याशी सेंत-मारी-द-काँपाँ नावाचं खेडं आहे; तिथे लोहाराची भट्टी होती. लोहार मदतीला तयार होता, पण शर्यतीचे अधिकारी तिथे उभे राहिले. हात लावायचा नाही, तोंडाने सांगितलंत तर चालेल. क्रिस्तोफचं नशीब एवढंच की तो तरुणपणी कुलपं बनवण्याच्या धंद्यात उमेदवारी केलेला होता. लोखंड त्याच्या ओळखीचं होतं. लोहार सांगत गेला, हा नळीचा तुकडा तापवत, ठोकत, जोडत गेला. तीनेक तास. भट्टीच्या कामात एका वेळी दोन हात पुरत नाहीत. एका हातात सांडशी, दुसऱ्यात हातोडा, मग भाता कोण ओढणार? एका लहान मुलाने ओढला. त्याबद्दल क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे तो तीन मिनिटांवर आणला, असं सांगतात.

मग खिशात पाव कोंबून तो निघाला. अजून आस्पँ आणि पेरसूर्द हे दोन घाट बाकी होते. ल्यूशाँला पोचला तेव्हा पहिल्याला येऊन ३ तास ५० मिनिटं झाली होती. पॅरिसला तो सातवा आला.

ही गोष्ट फ्रान्समध्ये शाळेतल्या गोष्टीसारखी सांगितली जाते. सेंत-मारी-द-काँपाँत त्याची पाटी आहे, अलीकडे पुतळाही झालाय. पण या गोष्टीतला एक तपशील सहसा निसटतो. ती तूर फिलिप तिस या बेल्जियन तरुणाने जिंकली. तिस प्यूजोच्या संघातला, क्रिस्तोफही प्यूजोच्या संघातला. म्हणजे ज्या कंपनीचा चिमटा मोडला तीच कंपनी शर्यत जिंकली. यंत्राच्या परीक्षेसाठी जन्मलेल्या नियमात यंत्र बनवणाऱ्याला खरचटलंही नाही. तीन तास भट्टीपुढे उभा राहिला तो माणूस. भाता ओढणाऱ्या पोराबद्दल झालेला दंड लोकांना हास्यास्पद वाटतो. मला तो नियमाचं खरं रूप दाखवणारा वाटतो, कारण तोपर्यंत नियमाला हे आठवतच नव्हतं की आपण सायकलीचा कस पाहायला निघालो होतो.

आणि हे एकदाच झालं नाही. १९१९ साली महायुद्धानंतरची पहिली तूर झाली. मालाची टंचाई एवढी की सायकलकंपन्यांनी एकत्र येऊन एकाच नावाखाली अर्ध्याहून जास्त स्वारांना सायकली पुरवल्या. रस्ते बाँबगोळ्यांनी उखडलेले. याच वर्षी आघाडीवीराला पिवळी जर्सी द्यायची पद्धत पडली, आणि ती अंगावर घालणारा पहिला माणूस क्रिस्तोफ. शेवटून दुसऱ्या टप्प्याला, मेट्झ ते डंकर्क, तो जवळपास अर्ध्या तासाने पुढे होता. व्हालंसिएनजवळ चिमटा मोडला. या वेळी भट्टी नव्हे, एका सायकलच्या कारखान्यात त्याने स्वतः दुरुस्ती केली. तासाहून जास्त वेळ त्यात गेला आणि तूर फिर्मँ लांबोकडे गेली. क्रिस्तोफ तिसरा. मग 'लोतो'च्या वाचकांनी वर्गणी काढली. १३,३१० फ्रँक जमले. विजेत्याचं बक्षीस ५,००० होतं. लोकांनी न्याय आपल्या खिशातून केला.

१९२२ साली गालिबिएच्या उतारावर चिमटा तिसऱ्यांदा मोडला. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. तूर त्याने कधीच जिंकली नाही. त्याचं नाव मात्र पुढे अनेक वर्षं पॅडलवर पाय अडकवायच्या क्लिपांवर आणि पट्ट्यांवर छापलं जात होतं. जुने सायकलवाले अजूनही 'क्रिस्तोफ' म्हटलं की पट्टाच आठवतात.

त्या काळात सायकलीकडे बघायची दुसरी दृष्टीही होती, आणि ती शर्यतीच्या बाहेर होती. सेंत-एतिएनचा पॉल द व्हिव्ही, टोपणनाव 'व्हेलोसियो', हा लांबच्या भटकंतीचा प्रचारक. त्याच्या मासिकातून तो बदलत्या गिअरचा हिरिरीने पुरस्कार करी. देग्राँजचं मत होतं की असले गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी. आणि तूरमध्ये ते १९३७पर्यंत चालू दिले गेले नाहीत. तोवर घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, नट ढिले करायचे, मागचं चाक काढून उलटं लावायचं, म्हणजे दुसऱ्या बाजूची मोठी चकती चेनखाली येई. इटलीत तुलिओ कांपान्योलो या शर्यतपटूची बोटं थंडीने अशी बधिर झाली की नटच सुटेना, आणि त्या रागातून त्याला एका दांड्याने चाक सोडवायची युक्ती सुचली, असं सांगतात. दंतकथा असेल, पण ती क्विक-रिलीझ दांडी आज लाखो सायकलींवर आहे.

देग्राँजचा गिअरला विरोध स्नायूंच्या अभिमानातून होता हे खरं. पण माझा कयास असा, की स्वतःच्या दुरुस्तीचा नियमही त्याला पूरक होता. ज्या वस्तूला लोहार सांधू शकत नाही ती वस्तू अशा शर्यतीत कुणी आणायलाच धजत नाही. नियमाने सायकल साधी ठेवली, आणि साधी ठेवता ठेवता थांबवूनही ठेवली.

याच काळात आपल्या मुंबईतून काही पारशी तरुण निघाले होते. १५ ऑक्टोबर १९२३ला सहा जण सायकलवर जगप्रदक्षिणेला बाहेर पडले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे मार्च १९२८मध्ये परतले. अंतर सुमारे ४४,००० मैल. त्यात इराकचं वाळवंटही आलं आणि ब्रह्मदेशातलं जंगलही. त्यांच्या सायकलींना कुणी मोहर लावली नव्हती. कुठल्या गावातल्या माणसाने मदत करावी आणि कुणी करू नये हे ठरवणारा अधिकारी त्यांच्यामागे नव्हता. एकट्याने केलं की नाही, हा प्रश्न त्यांच्या प्रवासाला कुणी विचारला नाही. पोचलात का, एवढाच विचारला. यंत्राच्या टिकाऊपणाचीच परीक्षा करायची असेल तर ही परीक्षा मला मोहरबंद सायकलीपेक्षा खरी वाटते.

तूरमधला नियम १९३०मध्ये ढासळला. देग्राँजने कंपन्यांचे संघ मोडून राष्ट्रीय संघ केले, आणि एका देशाच्या खेळाडूंनी एकमेकांना मदत करणं रीतसर झालं. त्याच वर्षी आंद्रे लदुक आल्प्समध्ये आधी गालिबिएच्या उतारावर पडला, मग पुन्हा पडला तेव्हा पॅडल मोडलं. बघ्यांपैकी एकाच्या सायकलीचं पॅडल काढून त्याच्या सायकलीला लावलं, साथीदारांनी त्याला ओढत पुढच्या लोकांपर्यंत नेलं, आणि तो दिवसाचा टप्पा जिंकला, तूरही जिंकला. सतरा वर्षांपूर्वी एका पोराने भाता ओढला म्हणून दंड होता. आता बघ्याचं पॅडल चालत होतं. १९३४मध्ये विशीतल्या रने व्हिएतोने आपलं पुढचं चाक काढून संघनायक आंतोनँ मान्यला दिलं आणि स्वतः दुसऱ्या चाकाची वाट पाहत दगडी कठड्यावर बसून रडला. तो फोटो प्रसिद्ध आहे. म्हणजे भार नाहीसा झाला नव्हता. तो फक्त खालच्या खेळाडूकडे सरकला होता. पुढे मेकॅनिक आणि सुट्या चाकांनी भरलेल्या गाड्या आल्या, आणि छातीवरचे टायर फोटोंतून गेले.

नियम मात्र मेला नाही. तो हौशी लोकांकडे गेला, आणि गंमत म्हणजे तिथेही देग्राँज आहेच. इटलीत काही सायकलस्वारांनी १८९७मध्ये सूर्योदय ते सूर्यास्तात रोम ते नेपल्स गाठून स्वतःला 'ऑडॅक्स', म्हणजे धाडसी, म्हणवून घेतलं होतं. १९०४मध्ये देग्राँजने ती कल्पना फ्रान्समध्ये आणली आणि 'ऑडॅक्स क्लब पारिझियँ' उभा राहिला. १९२१मध्ये क्लबचं त्याच्याशी बिनसलं. त्याच्या पद्धतीत सगळ्यांनी ठरलेल्या वेगाने घोळक्यात जायचं होतं. क्लबने ज्याने त्याने आपापल्या वेगाने जायची नवी पद्धत काढली. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस व्यावसायिकांनी सोडून दिली, या लोकांनी धरून ठेवली. आज पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापुरात ज्या 'बीआरएम' होतात त्या याच क्लबच्या नियमांनी. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस, आणि पॅरिस–ब्रेस्टचे १२०० नव्वद तासांत.

तिथे अजूनही मागून गाडी चालत नाही. तपासणी नाक्यांच्या मधल्या रस्त्यावर घरच्यांनी सुटं चाक घेऊन येणं नियमबाह्य. पण पहिला कोण आला हे कुणी मोजत नाही. त्यामुळे दुसरा सायकलवाला थांबून आपली ट्यूब देतो, गावातल्या दुकानातून वस्तू विकत घेता येते, आणि भाता ओढणाऱ्या पोराबद्दल कुणाची मिनिटं कापली जात नाहीत. जो नियम चुरशीच्या शर्यतीत माणसाला पिळत होता, तोच चुरस काढून घेतल्यावर बऱ्यापैकी माणसाळला. मला वाटतं, या नियमाला योग्य जागा सापडायला साठेक वर्षं लागली.

पहाटे पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या अशा एखाद्याच्या सीटखालची पिशवी उघडली तर तेराँच्या काळापासूनचा सगळा इतिहास त्यात घडी करून ठेवलेला दिसेल. दोन ट्यूबा, ठिगळं आणि सोल्युशन, टायर उचकटायच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या, छोटा पंप, घडीचे पाने, चेनची एक सुटी कडी. अनुभवी माणसाकडे दोन-चार तारा आणि गिअर ज्याला टांगलेला असतो तो लहानसा अल्युमिनियमचा तुकडाही असतो, कारण तो मुद्दामच मऊ केलेला असतो, आपटला की आधी तो मोडावा म्हणून. टायर कापला गेला तर आतून लावायला काही जण दहाची नोटही वापरतात. नोटेचा कागद चिवट असतो.

चिमटा मात्र आजही कुणी नेत नाही. तो आता बहुधा कार्बनचा असतो. मोडला तर खंबाटकीच्या पायथ्याचा सर्वोत्तम लोहारही त्याला काही करू शकणार नाही. फोन करून गाडी बोलवायची आणि नाव काढून घ्यायचं. आणि साधं पंक्चर झालं तरी हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरताना अडतं. त्याचं नोझल मोटरसायकलच्या व्हॉल्वचं, आपल्या दूधवाल्याच्या सायकलीला असतो तो डनलॉपचा जुना व्हॉल्व, आणि या महागड्या सायकलीचा बारीक, टोकदार व्हॉल्व फ्रेंच पद्धतीचा. म्हणून पिशवीच्या कोपऱ्यात, हरवू नये म्हणून कागदात गुंडाळलेला, पितळेचा एक नखाएवढा अडॅप्टर असतो.